चिमणी वाजली की उठायचं नाही

"फाटक कसं सांभाळायचं ते मला शिकवू नकोस, तन्वीर. उभी हयात गेलीय त्यात!"

शनिवारी सकाळी, वरच्या मजल्यावर तन्वीरच्या घरी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता वैजनाथराव असं म्हणाले. आणि त्याच दिवशी दिवेलागणीनंतर त्यांनी पोटच्या मुलीला, सोसायटीच्या चेअरमनला आणि एका खिरीच्या पातेल्याला दारातच ताटकळत ठेवलं! पण ते पुढे येईलच.

फाटकाचं खोटं नव्हतं. खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकावर वैजनाथरावांनी नोकरी केली. तिथले नियम कडक. आत येणाऱ्याच्या खिशातली काडेपेटी काढून घ्यायची. बाहेर जाणाऱ्याचा जेवणाचा डबा उघडून बघायचा. फोटो काढायचा नाही, काढू द्यायचा नाही. आणि पास नसेल तर आत सोडायचं नाही, मग समोर कोणी का असेना.

एकदा ते डबा घरी विसरले. मुक्ताई, म्हणजे त्यांची बायको, भर उन्हात डबा घेऊन आली. पास नव्हता. वैजनाथरावांनी तिला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. नियमाने डबाही आत घेता येत नव्हता. मग मुक्ताई समोरच्या लिंबाखाली बसली, डबा उघडला आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत पोळीभाजी, भात, लोणचं, सगळं चाटूनपुसून खाल्लं! वर रिकामा डबा उंच धरून विचारलं, "हा घरी न्यायला पास लागतो का हो?"

ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. गेल्या दिवाळीच्या आधी मुक्ताई गेली. तेव्हापासून ही गोष्ट सांगणारं घरात कोणी उरलं नाही.

वैजनाथराव एकटे राहू लागले, आणि धायरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीच्या, भाग्यश्रीच्या, जिवाला घोर लागला. त्यात मागच्या महिन्यात ते दूध गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले. पातेलं तव्यासारखं काळं झालं. झालं! भाग्यश्रीने फर्मान काढलं.

"अण्णा, रोज संध्याकाळी सात वाजता लॅपटॉपवर मला दिसायचं. व्हिडिओ कॉलवर. एक दिवस जरी दिसला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून तुमचं सामान धायरीला!"

"आणि नाही आलो तर?"

"तर तुम्हाला उचलून नेणार. योगेशला सांगून ठेवलंय." योगेश म्हणजे जावई. तो खरंच उचलू शकेल असा होता.

धायरीचं घर वाईट नव्हतं. पण तिथल्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीत जे लिहिलं असेल तेच डब्यात असायचं. मुक्ताईचं तसं नव्हतं. तिच्या 'साखर' लिहिलेल्या डब्यात रवा, 'जिरं' लिहिलेल्या डब्यात हिंग आणि साखर शेवयांच्या पत्र्याच्या डब्यात. मुंग्यांना फसवायला, असं ती म्हणायची. मुंग्या फसल्या की नाही देव जाणे, वैजनाथराव पुष्कळदा फसले. आता कुठे त्यांना सगळे डबे पाठ झाले होते. आता हे घर सोडायचं? छे!

म्हणून सातचा कॉल त्यांनी आजवर एकदाही चुकवला नव्हता.

लॅपटॉप जुना. त्यावर नवीन विंडोज चालेना, तेव्हा तन्वीरनेच त्यात लिनक्स घालून दिलं होतं. तन्वीर आयटीतला. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर काहीतरी बनवत बसायचा. यंदा त्यांनी फायरवॉल घेतली होती हातात.

"काका, लिनक्सवर फायरवॉल असतेच," तन्वीर म्हणाला. "पण ती चालवायला इंजिनिअर लागतो. पोर्ट नंबर टाका, प्रोटोकॉल निवडा. नवीन माणूस बघतो आणि घाबरून बंद करतो. आम्ही एकदम सोप्पं टूल करतोय. साधं मराठी! तुम्ही ट्राय करा ना."

"पण फायरवॉल म्हणजे काय?"

"लॅपटॉपचं फाटक. बाहेरचं कोणी आत यायला बघतं, आतला प्रोग्राम बाहेर जायला बघतो. टूल तुम्हाला विचारणार, सोडू का? तुम्ही फक्त बटण दाबायचं. तीनच बटणं. 'येऊ द्या', 'आज नको' आणि 'कधीच नको'. बाहेर जाणाऱ्याला 'जाऊ द्या'."

"आणि कोणाला सोडायचं ते कसं कळणार?"

"तेच तर बघायचंय! मी काही सांगणार नाही. मी सांगितलं तर टेस्टिंग कसलं? जिथे तुमचं अडेल तिथे आमचं टूल चुकलं."

"माझं अडायचं नाही," वैजनाथराव म्हणाले, आणि मग ते फाटकाचं वाक्य ऐकवलं.

तन्वीर खूश झाला. "आणि काका, साउंड ऐका. नोटिफिकेशनचा टुंग आवाज नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी आपल्या दाराचीच बेल रेकॉर्ड केली. दारात कोणीतरी आलंय, हे लगेच क्लिक होतं!"

त्याने बटण दाबलं. लॅपटॉपमधून चिमणी चिवचिवली.

ही चिमणी कुठून आली ते सांगायला हवं. सोसायटीचे चेअरमन शरच्चंद्र यांनी एकदा इमारतीतल्या सगळ्या दारांना एकाच दुकानातून, एकाच जातीची बेल बसवून घेतली. एका दारात चिमणी चिवचिवली की तीन दारं उघडायची. लोकांनी तक्रार केली तेव्हा शरच्चंद्र एवढंच म्हणाले, "शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो. काहींना जन्म लागतो."

तर अशी ती चिमणी लॅपटॉपमध्ये घेऊन वैजनाथराव खाली आपल्या घरी आले. मोबाइल मात्र तन्वीरच्या सोफ्यावर राहिला. तन्वीर मित्रांकडे कोंढव्याला निघून गेला.

दुपारी पहिली चिमणी वाजली. वैजनाथराव उठले, दार उघडलं. कोणी नाही. परत येऊन बसले. चिमणी! पुन्हा दार उघडलं. जिना मोकळा. तिसऱ्यांदा त्यांनी कठड्यावरून खाली वाकून दम दिला, "कोण आहे रे तो? बेल वाजवून पळतोस होय? सापड एकदा!" खालून भाजी घेऊन येणारा एक भला माणूस दचकून तिथेच थांबला.

चौथ्यांदा मात्र त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे चौकट होती. 'दारात कोणीतरी आहे. सोडायचं का?'

"हात्तिच्या! तू होय?" ते लॅपटॉपला म्हणाले, आणि मनाशी पक्कं ठरवलं. आता चिमणी वाजली की उठायचं नाही. इथेच बसायचं आणि बटण दाबायचं!

मग सुरू झालं काम. फार दिवसांनी त्यांना काम मिळालं होतं. खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला.

'अवाही-डीमन हा प्रोग्राम आत येणारे संदेश ऐकू पाहत आहे.'

"ऐकू पाहत आहे? चोरून?" कधीच नको.

'घड्याळ जुळवणारा प्रोग्राम बाहेर जाऊ पाहत आहे.'

"घड्याळ जुळवायला बाहेर कशाला जावं लागतं? भिंतीवर आहे की!" कधीच नको.

'छपाई सेवा शेजारच्या यंत्रांशी बोलू पाहत आहे.'

"कामाच्या वेळेत शेजाऱ्यांशी गप्पा?" कधीच नको!

एकाला हाकललं की मागचा पुढे यायचा. पगाराच्या दिवशी फाटकावर लागायची तशी रांग. ब्राउझरला त्यांनी दोनदा बाहेर जाऊ दिलं, पण तिसऱ्यांदा आला तेव्हा संशय आला. इतक्या फेऱ्या? आज नको. मग एक असा आला की त्यांच्या अंगावर काटाच आला.

'एक प्रोग्राम कॅमेऱ्यातलं चित्र बाहेर पाठवू पाहत आहे.'

कॅमेरा! चित्र! बाहेर! वैजनाथराव खुर्चीतून अर्धे उठले. फाटकाशेजारी 'छायाचित्रण मनाई' ही पाटी त्यांनी स्वतः दर वर्षी रंगवून घेतली होती. त्यांनी 'कधीच नको' इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं.

तो प्रोग्राम सातच्या कॉलचा होता, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी खालच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. खिडक्या लावून घेतल्या तरी छातीत ठोके पडत होते. त्या आवाजात माणूस कानाशी बोलला तरी कळायचं नाही. फक्त चिमणी तेवढी ऐकू यायची. शरच्चंद्रांनी बेल चांगली निवडली होती, एवढं म्हणायला हवं.

चिव चिव चिव!

यावेळी ती चिमणी दारावरची होती. बाहेर तन्वीरची आई, कमरजहांभाभी, खिरीचं पातेलं पदराने धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात वैजनाथरावांचा विसरलेला मोबाइल. पण पडद्यावर तेव्हा कुठलासा अपडेट आत यायला बघत होता.

"कधीच नको," वैजनाथराव म्हणाले आणि बटण दाबलं.

चिव चिव चिव!

"पुन्हा? कधीच नको म्हणजे कधीच नको!"

भाभींनी हाका मारल्या, त्या ढोलात बुडाल्या. दार ठोठावलं, ते ठेक्यात मिसळून गेलं. वैजनाथरावांनी तर बोटांनी टेबलावर ताल धरला होता. बिचाऱ्या पातेलं घेऊन वर गेल्या.

सात वाजले. वैजनाथराव केस विंचरून लॅपटॉपसमोर बसले. कॉल आला नाही. त्यांनी स्वतः लावून बघितला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. सव्वासात. गोल फिरतोच आहे. भाग्यश्री विसरली? ती विसरणारी नव्हे. की टेम्पोवाल्याशी बोलत असेल? मोबाइल शोधला, तो खिशात नाही, उशीखाली नाही, शेवयांच्या डब्यातही नाही. वर तन्वीरकडे जावं का? पण जागा सोडली आणि तेवढ्यात कॉल आला तर? आपण दिसलो नाही तर? टेम्पो!

ते खुर्चीला घट्ट धरून बसून राहिले.

तिकडे धायरीत भाग्यश्री घामाघूम. लॅपटॉपवर अण्णा नाहीत. मोबाइल लावला तर उचलला कमरजहांभाभींनी!

"बेटा, वैजनाथभाऊंचा फोन इथेच राहिला. मी द्यायला गेले होते."

"मग दिलात का?"

"दारच उघडलं नाही गं. किती वेळ बेल दाबली, हाका मारल्या. घरात लाइट आहे, पंखा चालूय, आणि दाराला कान लावला तर आतून... आतून टेबल वाजवल्यासारखा आवाज येतोय."

"टेबल?"

"हळूहळू. ठक, ठक. जसं कोणी मदतीला बोलावतंय."

भाग्यश्रीने पुढचं ऐकलंच नाही. योगेशला गाडी काढायला लावली, वाटेत शरच्चंद्रांना फोन केला. शरच्चंद्र आले. त्यांनी बेल दाबली. आत 'कधीच नको' झालं. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. ते एक किल्लीवाला बोलावून जिन्यात खुर्ची टाकून बसले, आणि आजूबाजूची दारं उघडून विचारणाऱ्या सगळ्यांना सांगू लागले, "तुमची नाही वाजली. आत जा."

सिंहगड रोडवरची शनिवार संध्याकाळ पार करून भाग्यश्री खडकीला पोचली. तिने बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

आत वैजनाथरावांचा धीर सुटत चालला होता. आज काय झालंय काय? सगळं जग या एका लॅपटॉपवर चाल करून आलंय? कधीच नको! कधीच नको! कधीच नको! बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. रांग संपली, पडदा रिकामा झाला, तरी चिमणी ओरडतेच आहे! "अरे, पण मी हाकलू कोणाला आता?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

बाहेर किल्लीवाल्याने हत्यारं काढली. काही सुचेना तेव्हा भाग्यश्रीने आईचा नंबर लावला. कुणाला लावतोय, का लावतोय, तिलाच कळत नव्हतं. लहानपणापासून काही बिनसलं की हाच नंबर.

आणि तो लागला!

मुक्ताईचा फोन कपाटात होता. दवाखान्यात सायलेंट केलेला, तसाच. पण वैजनाथराव तो रोज चार्ज करायचे आणि रिचार्ज संपू द्यायचे नाहीत. का, ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं, बरंच झालं. त्या फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसावेत म्हणून तन्वीरने मागेच दोन्ही जोडून दिले होते. फोनवर कॉल आला की तो लॅपटॉपला कळवायचा. आता तो कळवायला आला, आणि फाटकावर अडला.

टेबलावर चिमणी चिवचिवली. रिकाम्या पडद्यावर चौकट उघडली.

'मुक्ताई आत येऊ पाहत आहे. सोडायचं का?'

वैजनाथरावांचं बोट 'कधीच नको'वर टेकलेलंच होतं. ते त्यांनी विस्तवावरून काढावं तसं काढलं. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा वाचलं. तेच नाव.

त्यांनी काही विचारलं नाही. 'येऊ द्या' दाबलं.

लगेच दुसरी चौकट आली. 'मुक्ताईच्या फोनवर भाग्यश्रीचा कॉल येत आहे.'

वैजनाथराव धडपडत कपाटाकडे गेले, साड्यांच्या घडीवरून फोन उचलला.

"हॅलो?"

"अण्णा!" भाग्यश्री किंचाळली. "अण्णा, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. तूच सातला आली नाहीस. मी कधीचा बसलोय! आणि इथे तर नुसता गोंधळ चाललाय. पण घाबरू नको, सगळ्यांना अडवलंय मी."

"अण्णा, आधी दार उघडा!"

"दार? दाराचा काय संबंध? थांब, पुन्हा वाजली. एकाला हाकलून येतो."

"अण्णा, ती बेल मी वाजवतेय! मी दारात आहे!"

वैजनाथरावांनी लॅपटॉपकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. मग पुन्हा लॅपटॉपकडे. पडदा रिकामा होता आणि चिमणी वाजत होती.

दार उघडलं तेव्हा बाहेर हळदीकुंकवाला जमावी तेवढी माणसं होती. किल्लीवाला गुडघ्यांवर बसलेला. भाभी खिरीचं पातेलं घेऊन. शरच्चंद्र खुर्चीतून उठले. "दार उघडायचं नसेल तर तशी पाटी लावावी, वैजनाथराव. आम्ही वाचून परत जातो. आम्हाला वाचता येतं."

"अहो, तुम्ही होतात? तुम्हाला मी..." वैजनाथराव ओशाळले. "दोनदा 'कधीच नको' केलं."

"असू दे. सोसायटीत सगळ्यांच्या मनात तेच आहे. तुम्ही बटण दाबलंत."

भाग्यश्री अण्णांच्या हातातल्या फोनकडे बघत होती. गुलाबी कव्हरचा, कोपऱ्यात चिरलेला. पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली.

"मला वाटलं, हा नंबर बंद झाला असेल," ती म्हणाली.

"कशाला बंद करायचा?" वैजनाथराव म्हणाले. "तुम्ही लोक बसा. चहा ठेवतो."

"तुम्ही बसा. मी ठेवते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने सगळ्यांच्या हातात कप आले. शरच्चंद्रांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"चहा छान झालाय," ते म्हणाले. "चमचा मिळेल का?"

"साखरेच्या डब्यातून घातलंस ना?" वैजनाथरावांनी विचारलं.

"मग कुठून घालणार?"

"त्यात रवा असतो. साखर शेवयांच्या डब्यात. आईचं लक्षात नाही तुझ्या?"

भाग्यश्रीने कपात बघितलं. मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. योगेशने तिच्या हातातला कप काढून घेतला.

"टेम्पो उद्या कितीला सांगू?" त्याने हळूच विचारलं.

वैजनाथरावांनी ते ऐकलंच.

"नको सांगू," भाग्यश्री म्हणाली. "धायरीला नेलं तर ते माझ्या साखरेच्या डब्यात रवा शोधत बसतील. अण्णा, राहा इथेच. पण एक किल्ली माझ्याकडे द्यायची. आणि सातचा कॉल कायम!"

तेवढ्यात तन्वीर परतला. घरातली गर्दी बघून तो आधी घाबरला, मग हकीकत ऐकून फारच घाबरला. धावत लॅपटॉपशी गेला आणि टूल उघडलं. आत सोडलेले, एक. अडवलेले, बाकी सगळे.

"काका, तुम्ही ब्राउझर अडवलात, घड्याळ अडवलंत, अपडेट अडवलेत. सगळे निरुपद्रवी! आणि हा एक सोडलात?" त्याने नावावर बोट ठेवलं. "हेच तर सगळ्यात रिस्की. बाहेरचं डिव्हाइस डायरेक्ट आत! ह्याला का सोडलंत?"

खालचे ढोल नेमके तेव्हाच थांबले.

"पास होता तिच्याकडे," वैजनाथराव म्हणाले.

तन्वीरने मग टूल बरंच सुधारलं. 'कॅमेऱ्यातलं चित्र बाहेर पाठवू पाहत आहे' याऐवजी आता 'व्हिडिओ कॉल करायचा आहे' असं येतं. टूलमधली चिमणीही त्याने काढून टाकली. नवीन आवाज असा हवा, तो म्हणाला, की जो प्रत्येक घरात ओळखीचा आहे आणि ऐकून कोणी दाराकडे धावणार नाही. पुष्कळ विचार करून त्याने कुकरची शिट्टी घातली.

परवा वैजनाथरावांनी नियमाप्रमाणे तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. त्यातल्या दोन लॅपटॉपच्या निघाल्या.

सात वाजता भाग्यश्रीने विचारलं, "अण्णा, जेवायला काय केलंय?"

"वरणभात," वैजनाथराव म्हणाले, आणि ताट दिसू नये म्हणून लॅपटॉपचा पडदा जरा मागे कलवला. एकेक शीत कडकड वाजत होतं, पण ते तोंड मिटून चावलं की कॅमेऱ्यात येत नाही.